पिंजरा लागला, पुढे?

उसात बिबट्या दिसला की आमच्या नगर जिल्ह्यात एकच मागणी होते: पिंजरा लावा, दूर नेऊन सोडा. दूर म्हणजे कुणाच्या दारात, हे आम्ही विचारत नाही. शेजारच्या जुन्नर भागात २००१ पासून धरलेले बिबटे असेच रानात सोडले गेले. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. ते १७ वर गेले, आणि सोडल्या जागांच्या आसपास अधिक झाले. म्हणजे आमची भीती आम्ही दुसऱ्यांच्या लेकरांवर ढकलली.

अर्थात, ज्या घरातले मूल गेले तिथे हे आकडे सांगायला जीभ रेटत नाही. रेटूही नये.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आम्ही वर्गात शिकवतो. तिथे दया करणारा स्वतः विहिरीत उतरला होता. इथे बिबट्यावर दया करा म्हणणारे आम्ही पक्क्या घरात, आणि ऊसतोड बाईचे तान्हे बांधावर निजलेले. धोका तिचा, सवाब आमचा! कोपीला दार हवे, पाणी धरायला दिवसा वीज हवी, हे पिंजऱ्याच्या अर्जात आम्ही शेवटी लिहितो. कधी लिहीतही नाही.