मागे उरलेल्यांचा हिशेब

अपराध कोणाचा हे कधीच सिद्ध होणार नाही, अशा ठिकाणी कर्तव्य उरते काय? हा प्रश्न मला एका माकुलाच्या कुळाने घातला. आपल्या ताटात येते ते माकूल बहुधा किनाऱ्यालगतचे. मी सांगतो आहे ते दक्षिण अटलांटिकमधले, अर्जेंटिना व फॉकलंड बेटांच्या सागरात दूरवर भटकणारे.

त्याचे आयुष्य जेमतेम एका वर्षाचे. मादी पारदर्शक, बुळबुळीत गोळ्यात असंख्य अंडी घालते आणि मरते. हा गोळा मधल्या पाण्यातच तरंगत राहतो. त्यातून निघालेले पिल्लू सुमारे 1 मिलिमीटरचे. पुढे भक्ष्य धरण्यासाठी लागणारे दोन लांब बाहू या वयात एकमेकांना जुळून त्यांची चिमुकली सोंड झालेली असते; वाढता वाढता ती दुभंगते. प्रवाह नेईल तिकडे ही पिल्ले जातात आणि त्यांतली बहुतेक मरतात. मागच्या पिढीतले कोणी जाणते उरलेले नसते. दरवर्षी सारा वंश या कणभर जिवांवरच उभा!

2015 साली फॉकलंडच्या हद्दीत या माकुलाची साडेतीन लाख टनांच्या आसपास पकड झाली. 2016 साली ती अवघ्या काही हजार टनांवर आली. दोष बोटींचा की बदललेल्या पाण्याचा? कोणीही निश्चित वाटणी करू शकत नाही. मग पकडणारा म्हणतो, "जगवणारा-मारणारा समुद्रच, माझ्या चार टोपल्यांनी काय होणार?" या बोलण्यात मला लबाडी दिसते. किती पिल्ले जगावीत हे समुद्र ठरवतो, हे खरे. पण अंडीच नसतील तर तो ठरवणार काय?

कृत्य, हेतू आणि परिस्थिती पाहून दोष तोलावा, असे आम्हाला सेमिनरीत शिकवले. येथे दोष तोलायला वेळच मिळत नाही. विचार आधीच करावा लागतो. फॉकलंडच्या व्यवस्थेत तो केलेला दिसतो. हंगामाअखेर प्रजननक्षम माकूल निदान 40,000 टन मागे राहावे, तसे न दिसल्यास मासेमारी लवकर थांबवावी, असा तेथला दंडक. तू किती नेलेस, यापेक्षा मागे किती राहिले, हे तो विचारतो. मला हाच प्रश्न अधिक न्याय्य वाटतो, कारण ज्यांचे हिरावले जाईल ते अद्याप जन्मलेलेच नाहीत.

मात्र 200 सागरी मैलांपलीकडे हा हिशेब ठेवणारी राष्ट्रांची सामायिक संस्था नाही. माकूल ती रेषा ओलांडते, आणि तेथे दरवर्षी शेकडो बोटी रात्रभर प्रखर दिवे लावून उभ्या असतात.