स्वस्त लायनर आणि दुसऱ्याचा जीव

ब्रेकचा स्वस्त सुटा भाग घेणे ही काटकसर आहे की हिंसा, हा प्रश्न नांदेड-लातूरच्या गॅरेजांत रोज उभा राहतो, फक्त त्याला कुणी असे नाव देत नाही. गाडीची वॉरंटी संपलेली असते, पुढच्या चाकातून कर्रकर्र आवाज येऊ लागतो, मेकॅनिक चाक खोलून पॅड संपल्याचे दाखवतो आणि विचारतो, ‘कंपनीचा टाकायचा का बाहेरचा?’ बाहेरचा बराच स्वस्त पडतो, कधी निम्म्यानेही. गाडीमालक शिक्षक असतो, अडत्याकडचा मुनीम असतो, सोयाबीनचा पैसा हातात यायची वाट पाहणारा शेतकरी असतो. त्याचे उत्तर हिशेबातून येते, आणि ते हिशेबातून येण्यात गैर काही नाही. पण हा हिशेब सीट कव्हरचा नव्हे. सीट कव्हर उसवले तर मालकाचे नुकसान होते. ब्रेक कमी पडला तर नुकसान कुणाचे होईल हे आधी ठरलेले नसते.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला येणाऱ्या ३६१ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर हे स्पष्ट दिसते. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री मागचा दिवा नसताना चालतात. मार्गशीर्षात खंडोबाच्या यात्रेला माळेगावकडे माणसे आणि जनावरे रस्त्याच्या कडेने चाललेली असतात. शिकवणीसाठी लातूरला ठेवलेल्या मुलांना भेटायला जाणारी कुटुंबे याच रस्त्याने जातात. यांपैकी कुणीही समोरून येणाऱ्या गाडीत कोणता पॅड आहे हे विचारू शकत नाही. मागच्या सीटवर बसलेली आईसुद्धा विचारत नाही. वाचलेले पैसे एकाच्या खिशात राहतात आणि जोखीम सगळ्यांत वाटली जाते, तीही त्यांची संमती न घेता. नीतीचा प्रश्न इथून सुरू होतो.

त्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. ‘बाहेरचा’ म्हणजे हलका, असे सरसकट म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. मोटार कंपन्या ब्रेकचे पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत. ते पुरवठादारांकडून घेऊन आपल्या नावाच्या खोक्यात विकतात. तेच पुरवठादार आपल्या स्वतःच्या नावानेही बाजारात माल आणतात, आणि त्याची किंमत कमी असते. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश ही नावे दुकानदारांच्या तोंडी असतात. मराठवाड्यातच, एकनाथांच्या पैठणला, हिंदुस्तान कंपोझिट्सचा घर्षण-साहित्याचा कारखाना आहे. अशा नावाचा पॅड घेणारा माणूस कुणाचा जीव धोक्यात घालत नाही. तो फक्त खोक्यावरच्या चिन्हाचे पैसे वाचवतो. खरा प्रश्न त्यापुढच्या दोन प्रकारांचा आहे: कोणी बनवला हे कुठेच न लिहिलेला पॅड, आणि नामांकित कंपनीच्या हुबेहूब खोक्यात विकला जाणारा नकली पॅड. पहिल्यात अज्ञान आहे, दुसऱ्यात फसवणूक.

पॅड हातात घेऊन पाहिला तर यातला फरक थोडाफार कळतो. लोखंडी पाठीवर घर्षण-साहित्याचा थर चिकटवलेला असतो. चांगल्या मालात हा थर कडेला कुठे सुटलेला किंवा तडकलेला नसतो, पाठीवर भाग क्रमांक आणि बॅच क्रमांक स्पष्ट उमटलेले असतात. पुष्कळदा थराच्या कडेवर कंपनीच्या संकेतापाठोपाठ ‘एफएफ’, ‘जीएफ’ अशी दोन इंग्रजी अक्षरे असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातली पकड सांगते, दुसरे पॅड खूप तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे त्याहून वरचा. या अक्षरांवरून पॅड किती टिकेल किंवा डिस्क किती खाईल हे कळत नाही, पण दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असेल तर तापल्यावर पकड कमी होणार, एवढे नक्की. प्रवाशांसह हजार किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा असते. पाऊण लिटर पाणी उकळीला आणण्याएवढी ही उष्णता काही सेकंदांत पॅड आणि डिस्क यांना झेलावी लागते. वेग ४० असेल तर ती चौथ्या हिश्श्यावर येते. बाजारपेठेतल्या गल्लीत हलका पॅडसुद्धा ठीक वाटतो तो यामुळेच. त्याची परीक्षा माहूरगडावरून उतरताना होते, किंवा तुळजापूरहून सोलापूरकडे बालाघाट उतरताना, मे महिन्याच्या दुपारी, पाच माणसे बसलेली असताना. मग जो दोष रोजच्या वापरात दिसतच नाही, त्याची जबाबदारी मालकावर किती?

अमेरिकी तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स यांच्या निबंधाला उत्तर देताना नेमका ब्रेकचाच दाखला घेतला. एका चालकाने बरेच दिवस ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात अचानक मूल आले आणि ते दगावले, तर तो स्वतःला आयुष्यभर दोष देईल आणि जगही देईल. मूल आलेच नसते तर त्याच निष्काळजीपणाबद्दल त्याला कुणी फारसे बोलले नसते. चूक तीच, पण तिचे मोजमाप त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीने ठरते. नेगेल यांनी ही अडचण मांडली, पण सोडवून दिली नाही. त्यांच्या मते नैतिक निवाड्याच्या मुळातच हा विरोध आहे.

जैन विचाराने यावर फार पूर्वी ठाम भूमिका घेतलेली आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे: बेसावधपणामुळे प्राणहानी होणे ही हिंसा. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात ही गोष्ट टोकाला नेली. जीव मरो वा जगो, ज्याचे आचरण बेफिकीर त्याच्याकडून हिंसा घडलेलीच आहे. आणि जो काळजीपूर्वक वागतो त्याला केवळ प्राणहानी झाली म्हणून हिंसेचा बंध लागत नाही. या दृष्टीने नेगेल यांच्या दोन्ही चालकांचा दोष सारखाच आहे, मूल आडवे आलेले असो वा नसो. चौकशी न करता बिननावाचा पॅड बसवून पाच वर्षे एकही अपघात न झालेला माणूस ‘काही झालं का?’ असे विचारतो, तेव्हा त्याचा युक्तिवाद इथे टिकत नाही. उलट ज्याने स्वस्त पण माहितीतला पॅड घेतला, तो जोडीने बसवला, ब्रेक ऑइल बदलले आणि तरीही अपघात घडला, त्याला दुःख होईल, पण तो हिंसक ठरत नाही. दोष पैशात मोजता येत नाही, तो सावधपणात मोजावा लागतो, हे या परंपरेचे म्हणणे गॅरेजमधल्या प्रश्नाला फार नेमके लागू पडते.

मग गरिबीचे काय? ज्याला सावध राहायचे आहे पण परवडत नाही, त्याला कोणता न्याय? इथे गीतेच्या अठराव्या अध्यायातली तामस कर्माची व्याख्या उपयोगी पडते. परिणाम, नुकसान, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची कुवत या चार गोष्टी न पाहता मोहाने आरंभलेले कर्म तामस, असे तिथे म्हटले आहे. कुवत या यादीत आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. म्हणजे खिशाकडे पाहणे तामस नाही. न पाहणेच तामस आहे. कर्ज काढून महागडा पॅड बसवणे आणि मग दोन वर्षे ब्रेक ऑइलला हात न लावणे हेही अविचारीच. पण कुवत चारांतली एक आहे, एकमेव नाही. ती कमी पडत असेल तर उरलेल्या तिन्हींचा भार दुसऱ्या मार्गाने उचलावा लागतो: वेग कमी ठेवून, पाचाच्या गाडीत आठ माणसे न कोंबता, घाटाचा प्रवास पुढे ढकलून. पैसे कमी असलेल्याला सूट मिळते ती महाग खोक्यापासून, काळजीपासून नव्हे. ही अट कठोर आहे, पण रस्त्याने चालणारा माणूस बहुतेक वेळा गाडीमालकाहून गरीब असतो हे लक्षात घेतले तर ती अन्यायकारक वाटत नाही.

त्याच अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. ‘नशिबात असेल ते होईल’ म्हणणारा माणूस पाचव्या कारणावर थेट उडी मारतो आणि तिसरे गाळतो. ब्रेक हे साधन आहे. दसऱ्याला नांदेड-लातुरात गाड्या धुतल्या जातात, झेंडूचे हार चढतात, हळदकुंकू वाहिले जाते. काही घरांत चाकाखाली लिंबूही ठेवतात. या श्रद्धेला हसण्याचे कारण नाही. सुतार, लोहार, शेतकरी यांच्या घरातली अवजारांची पूजा मुळात अवजार घासून-पुसून, धार पाहून, मगच मांडायची असते. गाडीच्या पूजेतून तपासणीचा हा भाग गळून पडला आहे. बोनेटला हार घालण्याआधी चारही चाकांतली पॅड-लायनरची जाडी पाहिली जावी, असे म्हणणे म्हणजे पूजेवर टीका नसून तिचा राहून गेलेला अर्धा भाग मागणे आहे.

आतापर्यंत विचार ग्राहकाचा झाला, पण ज्ञान त्याच्याकडे सगळ्यांत कमी असते. पॅड कुठून आला हे दुकानदाराला ठाऊक असते, आधीच्या गाड्यांत तो कसा चालला हे मेकॅनिकला. म्हणून त्यांची जबाबदारी मोठी. या भागात त्यासाठी बाहेरून नीतिशास्त्र आणावे लागत नाही. लातूर जिल्ह्यालगतच्या बसवकल्याणमधून बाराव्या शतकात बसवण्णांनी कायकाचा विचार दिला. त्यात पोटाचा उद्योग हीच उपासना, आणि म्हणून तो शुद्ध असला पाहिजे. नांदेडला सचखंड हुजूर साहिब आहे. गुरू गोबिंदसिंग १७०८ मध्ये तिथेच ज्योतीज्योत समावले. शीख परंपरेतला ‘किरत करो’ हा उपदेश प्रामाणिक कष्टाच्या कमाईचाच आहे. या दोन्ही कसोट्यांवर, नकली खोके जाणूनबुजून विकणारा दुकानदार देवळात किंवा लंगरला किती देणगी देतो याने काही फरक पडत नाही. जास्त मार्जिन मिळते म्हणून बिननावाचा माल ‘एकदम ओरिजिनल’ सांगून बसवणारा मेकॅनिकही त्याच ओळीत येतो.

मेकॅनिक मात्र स्वतःही बळी असतो. जुन्या ब्रेक लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरले जाई आणि भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी आजही नाही. कोणी बनवला हे माहीत नसलेल्या लायनरमध्ये काय मिसळले आहे हेही माहीत नसते. ड्रम उघडल्यावर काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची सवय सर्वत्र आहे, आणि ती भुकटी हेल्पर पोराच्या छातीत जाते. स्वस्तपणाची किंमत मोजणाऱ्यांत हा पोरगा पहिला आहे. रस्त्यावरच्या माणसाच्या बाबतीत अपघात होईल की नाही हा प्रश्न तरी असतो, याच्या बाबतीत धूळ रोजचीच असते. ॲस्बेस्टॉसविरहित असे छापलेला पॅड मागणे आणि धूळ ओल्या फडक्याने पुसायला सांगणे, एवढे तरी ग्राहक करू शकतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १९० जैन व्याख्येच्या आश्चर्यकारकरीत्या जवळ येते. गाडीतला धोकादायक दोष माहीत असणारा, तसाच साधारण काळजी घेतली असती तर ज्याला तो कळला असता, असे दोन्ही चालक त्यात दोषी ठरतात. गाडी दुसऱ्याला चालवायला देणारा मालकही त्यातून सुटत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड दीड हजार रुपये आहे; त्या दोषामुळे अपघात होऊन कुणी जखमी झाले तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कायदा अज्ञानाला सबब मानत नाही, पण परिणाम झाल्यावर शिक्षा वाढवतो. म्हणजे नेगेल यांची अडचण कायद्यातही तशीच शिल्लक आहे.

साधारण काळजी म्हणजे नेमके काय, हे ब्रेकच्या बाबतीत सांगता येते. बनवणाऱ्याचे नाव असलेला पॅड घ्यावा आणि पक्के बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने बिन-बिलाच्या खरेदीत वाचणारी रक्कमही घटली आहे. पॅड एकाच चाकाचा न बदलता डाव्या-उजव्या जोडीने बदलावा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. डिस्क लेथवर लावण्याआधी तिच्यावर कोरलेली किमान जाडी पाहावी. त्याखाली गेलेली डिस्क बदलण्यावाचून उपाय नाही. कॅलिपर आणि व्हील सिलेंडरच्या रबरी सीलमध्ये, ब्रेकच्या नळीत आणि ऑइलमध्ये काटकसर करू नये. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, तर ओलावा मुरलेले १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते, आणि मग पेडल खाली जाते पण गाडी थांबत नाही. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी, सीलबंद बाटलीतले भरावे. गॅरेजच्या फळीवर उघडे पडलेले नको. नवे पॅड बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक दाबणे टाळावे.

काम झाल्यावर जुने पॅड आणि नवे खोके यांचे काय करायचे, हाही याच काळजीचा भाग आहे. नामांकित कंपन्यांची रिकामी खोकी भंगारातून गोळा होतात आणि त्यांत नकली माल भरला जातो. जुन्या ब्रेक-शूवर हलके लायनर चिकटवून ते पुन्हा विकायला येतात. म्हणून खोके तिथेच फाडावे, त्यावरचा होलोग्राम खरवडून काढावा आणि झिजलेले पॅड मोजून परत घ्यावेत किंवा डोळ्यांदेखत निकामी करून घ्यावेत.