पुरे कोण म्हणणार?

माझा धाकटा भाऊ गेली चाळीस वर्षे कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतात राहतो. यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कारखान्यात हत्यारे घडविण्यात त्याची हयात गेली. गेल्या वर्षी मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो आणि दीड महिना राहून परत आलो. येताना बरोबर फारसे काही आणले नाही. एक प्रश्न मात्र आणला. तो प्रश्न त्याने मला एका रात्री विचारला होता, आणि वडील भावाच्या अधिकाराने त्याचे उत्तर द्यावे तर तो अधिकार आपण कधीच गमावला आहे, हे मला त्याच रात्री उमगले.

२०११ साली कारखान्यातल्या शिडीवरून तो पडला. पाठीच्या कण्याला मार बसला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, हाड सांधले. पण आतली नस दुखावली ती दुखावलीच. दिवसा तो हिंडतो-फिरतो, बागेत खुरपणी करतो. रात्री दहाच्या सुमारास मात्र कमरेपासून घोट्यापर्यंत कुणी निखारा फिरवावा तशी आग सुरू होते. गोळ्यांनी पोट बिघडले, डोके जड झाले. शेवटी तिथल्या डॉक्टरांच्या संमतीने त्याने एक वनस्पती घ्यायला सुरुवात केली. फोनवर तो नुसते ‘औषध’ म्हणत असे. ते औषध म्हणजे गांजा, हे मला तिथे गेल्यावर कळले.

आमच्या लहानपणी गांजा म्हणजे नदीकाठच्या देवळात उतरणारे बैरागी. मातीची चिलीम, तिच्या बुडाशी गुंडाळलेले ओले फडके, लाल डोळे. आई आम्हांला त्या बाजूला फिरकू देत नसे. आता सत्तरीकडे झुकलेला माझा भाऊ, सकाळी रामरक्षा म्हणणारा, रात्री तळघरात जाऊन तीच वनस्पती घेतो, हे पाहून मी आतून चरकलो. तिथे ते बेकायदा नाही. कॅनडात औषध म्हणून गांजाला २००१ पासून वाट आहे, आणि १७ ऑक्टोबर २०१८ पासून तर तो प्रौढ माणसाला दुकानात उघड मिळतो. पण कायद्याने मोकळे केले म्हणून मन थोडेच मोकळे होते!

माझा भाऊ गांजा जाळीत नाही; तापवितो. कोणताही पाला पेटला की धुराबरोबर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येणारच. तोच पाला दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास नुसता तापविला, तर त्यातला अर्क वाफेच्या रूपाने निघतो आणि पाला करपत नाही. या वाफेतही छातीला अगदीच धोका नाही असे नव्हे, आणि गांजा तो गांजाच. कोवळ्या वयाच्या मेंदूला आणि मोटार हाकणाऱ्याच्या हाताला तो घातकच. पण धुरापेक्षा वाफ बरी, एवढे खरे.

त्यासाठी त्याच्याकडे एक नळी आहे. व्हेपोरायझर म्हणतात तिला. करंगळीहून बारीक, बोटभर लांब. एका टोकाला पाला भरायची इवलीशी वाटी आणि तिच्यावर पोलादी टोपी. या नळीत वीज नाही, पट्टी नाही, आकडे दाखविणारी काच नाही. टोपीच्या आत मात्र दोन धातू एकावर एक जडविलेली एक चकती आहे. तापल्यावर दोन्ही धातू सारखे फुगत नाहीत, त्यामुळे चकती वाकते आणि एका क्षणी उलटून ‘टिक्’ असा आवाज करते. अठराव्या शतकात जॉन हॅरिसनने आपल्या सागरी घड्याळात दोन धातूंची पट्टी वापरली होती. इस्त्रीत ताप आवरायला तीच युक्ती कामी येते. टिक् वाजले की थांबायचे, टोपी निववू द्यायची. निवल्यावर ती पुन्हा टिक् करते. मी शाळेत पदार्थविज्ञान शिकविले आहे. त्या टोपीवर माझा जीव जडला, हे कबूल केले पाहिजे.

पण एका नळीवर थांबेल तर तो माझा भाऊ कसला! टेबलाच्या खणात मी पाहिले तर अक्रोडाच्या लाकडाच्या नळ्या, काचेच्या नळ्या, एक टायटॅनियमची. पाला दळायच्या तीन डब्या. निरनिराळ्या टोप्या, रबराची कडी, साफसफाईचे ब्रश. टोपी तापवायला पूर्वी गॅसचा लायटर होता. आता त्या जागी इंडक्शन हीटर आले होते, एक नव्हे तर तीन. एक विकत घेतलेला, दोन स्वतः जुळविलेले. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीचेच. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून झपाट्याने दिशा बदलणारा विजेचा प्रवाह सोडला की आतले चुंबकीय क्षेत्र सारखे पालटत राहते. फॅरेडेने १८३१ साली दाखविले त्याप्रमाणे त्या क्षेत्रातल्या धातूत प्रवाह उठतात आणि धातू तापतो. वेटोळ्यात काचेची नळी बसविलेली असते. टोपी तिच्यात सरकवली की ज्योत नाही, निखारा नाही. धातू आपला आपणच तापतो.

मी मनाशी प्रवचन तयार केले. साधन वाढले की साध्य हरवते, सोयीच्या पायरीवरूनच मोह घरात शिरतो, वगैरे. पहिली संधी मिळताच ते ऐकवलेही. आमच्या आजोबांच्या पानाच्या डब्याचा दाखला दिला. आधी नुसता अडकित्ता, मग चांदीचे चुनाळे, मग लवंगांची वेगळी डबी, शेवटी पितळी खलबत्ता.

तो हसला. म्हणाला, “दादा, खलबत्ता आला तो आजोबांचे दात गेले तेव्हा. तो मोह होता की गरज?”

मला उत्तर सुचले नाही. मग त्याने आपली वही पुढे केली. कारखान्यातली सवय, रोजची तारीख, किती पाला, किती वेळा तापविला, दुखणे दहापैकी किती. सुरुवातीला तो कागदात गुंडाळून ओढीत असे, तेव्हा रात्रीला जवळजवळ अर्धा ग्रॅम लागे. नळी आल्यावर वाटी पुरी भरली तरी दशांश ग्रॅम; आता तो अर्धीच भरतो. साधने वाढली आणि वनस्पती घटली! माझ्या प्रवचनात या गोष्टीला जागा नव्हती.

त्या आठवड्यात तो नव्या हीटरवर प्रयोग करीत होता. त्यात त्याने सेकंद मोजून प्रवाह तोडणारे घड्याळ बसविले होते. हेतू असा, की टिक् कडे कान देत बसायला नको; ठरलेले सेकंद भरले की बंद. पहिल्या खेपेला सारे उत्तम झाले. दुसऱ्या खेपेला, टोपी पुरती निवलेली नसताना, तेवढेच सेकंद दिले आणि पाला करपला. तळघरभर जळका वास सुटला. त्याने वेटोळ्यातली काच वरखाली करून पाहिली, सेकंद घटवून पाहिले. गार टोपीला कमी पडत, ऊन टोपीला जास्त होत. तीन रात्री खटपट केल्यावर त्याने घड्याळ उपटून काढले आणि म्हणाला, “घड्याळाला वेळ कळते, ताप कळत नाही. टोपी स्वतः तापते म्हणून तिला कळतं.”

तो यंत्राविषयी बोलत होता. मला मात्र ते वाक्य जिव्हारी लागले. का, ते पुढे सांगतो.

त्याच रात्री त्याने तो प्रश्न विचारला. नळी निववीत ठेवून, माझ्याकडे न पाहता. “दादा, खरं सांगू? दुखतं तेव्हा मी नळी वापरतो. दुखत नाही तेव्हा नळ्या विकत घेतो. पुढची टोपी कोणती, पुढचा हीटर कसा, याचाच विचार दिवसभर डोक्यात. हे व्यसन का रे?”

मी चाळीस वर्षे मुलांना निर्व्यसनी राहा म्हणून सांगितलेला मास्तर. ‘होय’ हा शब्द ओठांवर आला होता. तो तिथेच थांबला, कारण हा निवाडा मी पूर्वी एकदा दिला आहे.

२००९ साली माझी पत्नी कर्करोगाने गेली. शेवटचे दोन महिने ती घरीच होती. त्या काळी मॉर्फीनच्या गोळ्या मिळविणे सोपे नव्हते. रुग्णालयांना निरनिराळे परवाने लागत. ती अडचण दूर करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली ती २०१४ साली. पण आम्हांला गोळ्या मिळाल्या होत्या. दर चार तासांनी एक, आणि मध्ये फार दुखले तर एक जास्तीची द्या, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. एका रात्री दोन वाजता तिने ती जास्तीची गोळी मागितली. मी घड्याळ पाहिले. चारला अजून दोन तास होते. मी म्हणालो, “इतक्यात नको. सवय लागेल.” पंधरा दिवसांचे आयुष्य उरलेल्या बाईला मी सवय लागेल म्हणालो! ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. चार वाजता मी गोळी दिली, अगदी ठरल्या वेळी.

मी तिच्यावर प्रेम करीत नव्हतो असे नाही. मी क्रूरही नव्हतो. मी तापाच्या बाहेर उभा होतो, एवढेच. बाहेर उभे राहणाऱ्याला सेकंद मोजता येतात. ‘पुरे’ हा शब्द त्याच्या तोंडी फार सहज येतो, कारण त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

म्हणून मी भावाला ‘होय’ म्हटले नाही. पण ‘नाही’ तरी कसे म्हणू? जो तापतो त्याला कळते, हे नेहमीच खरे असते तर कोणी दारूत बुडाला नसता. माणसाच्या आतली चकती वाकते आणि पुष्कळदा वाकलेलीच राहते. टिक् वाजतच नाही. कायदेही हाच घोळ घालतात. १८९३-९४ साली इंग्रज सरकारने नेमलेल्या हेम्प ड्रग्ज कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या आणि बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, असा निर्वाळा दिला. १९८५ च्या आपल्या कायद्याने गांजा बाळगणे गुन्हा ठरविले. झाडाची नुसती पाने मात्र गांजाच्या व्याख्येतून वगळली. एकाच झाडाच्या शेंड्याला ‘पुरे’ आणि पानाला ‘चालेल’. दोन्ही निवाडे बाहेरून दिलेले. बाहेरचा निवाडा नसावा असे मी म्हणत नाही. समाजाला कुठेतरी आकडा ठरवावाच लागतो. पण तो आकडा म्हणजे ज्ञान नव्हे, एवढे त्याने विसरू नये.

मी त्याला इतकेच म्हणालो, “पाल्याची वही ठेवतोस, तशी नळ्यांचीही ठेव. आणि ती मला दाखवू नकोस.”

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “दाखवणार नसलो तर खोटं कशाला लिहीन?”

मी निघालो तेव्हा खणात दोन लाकडी नळ्या कमी होत्या आणि एक नवी टोपी आली होती. वहीत त्याने काय लिहिले, मला ठाऊक नाही.

यंदा दिवाळीला तो साताऱ्याला येणार आहे, पंधरा दिवसांसाठी. अधिक राहता येत नाही. ते औषध त्याला इथे आणता येत नाही, आणि त्यावाचून रात्र सरत नाही. गोळ्यांवर भागवीन म्हणतो. पाहुण्यांच्या खोलीत त्याचा पलंग टाकला आहे. त्या खोलीत एक भिंतीवरचे घड्याळ होते, ते मी काढून ठेवले आहे. रात्री दहा वाजता मी त्याच्यापाशी जाऊन बसेन, दहापैकी किती दुखते ते विचारीन, आणि तो जो आकडा सांगेल तो खरा मानीन.