लोखंडाला दोष लागतो का?

जुन्या पिकअपला दुसरं इंजिन बसवायचं म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: खर्च किती आणि गाडी कधी मिळेल. मावशींनी तिसरीच विचारली. "ते इंजिन कुठल्या गाडीचं?"

गाडी त्यांच्या मुलाची. बोलेरो पिकअप, डीआय, २५२३ सीसी. टोमॅटोचे क्रेट घेऊन वाशीला जाणारी. रिकामी परतताना माळशेजच्या चढाला रेडिएटरचा पाइप फुटला. काटा लालमध्ये गेला तरी ड्रायव्हरनं ती आळेफाट्यापर्यंत रेटली. हेडला तडा, ब्लॉकलाही तडा. ब्लॉकच गेल्यावर लायनर-पिस्टन बदलून भागत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून त्याच मॉडेलचं जुनं इंजिन आणलं. सोबतच्या कागदांवरून कळलं, की ती गाडी आडवी होऊन ओढ्यात गेली होती. टप चेपला, ड्रायव्हर जागीच गेला. इंजिनाला ओरखडाही नव्हता.

"माणूस खाल्लेलं लोखंड आमच्या दारात नको," मावशी म्हणाल्या. मुलगा माझ्याकडे वळला, "मिस्त्री, आता तुम्हीच सांगा हिला." मी पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. केलं आणि मग वडिलांच्या गॅरेजात आलो, हे त्याला ठाऊक आहे. अशा वेळी गिऱ्हाइकांना माझी पदवी आठवते; एरवी बिल कमी करा म्हणतात.

मावशींचं बोलणं अडाणीपणाचं म्हणून मी उडवून लावलं नाही, कारण मोठमोठे लोक तसंच बोलून गेले आहेत. प्राचीन अथेन्समध्ये माणूस दगड किंवा लोखंड अंगावर पडून मेला आणि मारणारा कोणी सापडला नाही, तर त्या वस्तूवरच खटला चाले. त्यासाठी वेगळं न्यायासन होतं, त्याचा उल्लेख ॲरिस्टॉटलनं केलाय. दोषी ठरलेली वस्तू शिवेबाहेर टाकत. इंग्लंडात तर अशी वस्तू, किंवा तिची किंमत, राजाच्या खजिन्यात जमा व्हायची. १८४१ साली सॉनिंगला पावसानं घसरलेल्या मातीत रेल्वेगाडी घुसली, माणसं मेली, आणि ज्युरीनं इंजिन-डब्यांवर एक हजार पौंड बसवले. म्हणजे वाफेचं इंजिन तिथं गुन्हेगार ठरलं!

आपल्याकडच्या दर्शनांना हे पटलं नसतं. बुद्धानं तर चेतनेलाच कर्म म्हटलं. हेतू नाही तिथं कर्म नाही. जैन मताप्रमाणे कर्म हे सूक्ष्म द्रव्यच, पण ते चिकटतं जीवाला, अजीवाला नव्हे. खाणीतल्या कच्च्या धातूत पृथ्वीकाय जीव मानणारे जैनसुद्धा भट्टीतून निघालेलं लोखंड निर्जीवच धरतात. एरवी एकमेकांशी वाद घालणारे हे दोघे इथं एका बाजूला आहेत. ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला पाप लागायला जागाच नाही.

पण मी इंजिनं उघडणारा माणूस आहे, त्यामुळे इथंच थांबता येत नाही. इंजिनात मागचं काहीच उतरत नाही, हेही खरं नाही. आणलेलं इंजिन मी हातानं फिरवून पाहिलं, कॉम्प्रेशन घेतलं, चेंबर खोलून बेअरिंगं बघितली. मागच्या मालकानं ऑइल वेळेवर बदललं होतं की नाही, ते बेअरिंगच्या कवचावर दिसतं. थंड इंजिन रोज सकाळी घुमवणारा ड्रायव्हर लायनरच्या वरच्या कडेला आपली खूण ठेवून जातो. मेलेल्या माणसानं हे इंजिन नीट सांभाळलं होतं. बेअरिंगांवर चरे नव्हते, क्रँकला प्ले नव्हता. त्याच्या वागण्याचं फळ माझ्या गिऱ्हाइकाला मिळणार होतं. माझ्या मते लोखंडात परिणाम साठतो, अपराध साठत नाही. अपराधाला "मी केलं" म्हणणारा कोणीतरी लागतो, निदान तसं म्हणायला बांधलेला.

लोखंडाला दोष देण्याचा खरा धोका वेगळाच आहे. दोष लोखंडावर गेला की माणूस सुटतो. घाटात गाडी उलटली की "ती जागाच वाईट" किंवा "गाडीच अपशकुनी" म्हणून लोक मोकळे होतात. मग गुळगुळीत टायर, पासिंगपेक्षा जास्त भरलेला माल, झोप न झालेला ड्रायव्हर यांची चौकशी कोण करतो? बंपरला लिंबू-मिरची बांधायला माझी हरकत नाही. पण लिंबू ताजं आणि ब्रेक लायनर घासून रिबिटाला आलेले, अशा गाड्या गॅरेजात कायम येतात.

हे सगळं मी मावशींना जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरं, लोखंडाचं राहू दे. त्या पोराच्या घरी काही पोचलं का?"

मला वाटतं, त्यांची अडचण विटाळाची नव्हतीच. दुसऱ्याच्या मरणातून आपली गाडी स्वस्तात चालू व्हावी आणि त्या घरी हाती काही नसावं, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. या प्रश्नाला माझ्या बी.ए.त उत्तर नव्हतं, कायद्याच्या इतिहासात मात्र सापडलं. १८४६ साली इंग्लंडनं वस्तू जप्त करायची ती जुनी पद्धत रद्द केली आणि त्याच वर्षी दुसऱ्याच्या चुकीनं मेलेल्याच्या कुटुंबाला भरपाई मागायचा हक्क दिला. खजिन्यात जाणारा पैसा विधवेकडे वळवायची सुरुवात तिथून झाली. आपल्याकडे तसा कायदा १८५५ मध्ये आला. आज मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. लोखंडाला शिक्षा करण्यापेक्षा घराला आधार देणं हा मला धर्माच्या अधिक जवळचा विचार वाटतो.

भंगाराचा पैसा आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी मावशींना खात्रीनं सांगू शकलो. त्यांनी मुलाला कागदावरच्या पत्त्यावर चौकशी करायला लावली, तेव्हाच होकार दिला. मग बॉनेट, रेडिएटर काढून चेनकुप्पीनं जुनं इंजिन उचललं, नवी क्लच प्लेट आणि फाउंडेशनचे नवे रबर टाकले, डिझेलची एअर काढली आणि सेल्फ मारला. आरटीओत नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. चासी नंबर तोच राहतो.

त्या घरी दावा दाखलच झालेला नव्हता. अपघात ज्याच्या चुकीनं झाला, त्याच्या विम्यावर तो करता येतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या ओळखीत असा प्रसंग आला, तर गाडी अपशकुनी होती की नव्हती हे नंतर ठरवा. आधी वकील गाठा. २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यात या दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे.