कुठल्या पायावर उभी आहेस?

मुलाला पाऊल येईना. शिकवणाऱ्या मुलीनं ते करून दाखवलं, पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा तर इतकं सुरेख दाखवलं की मुलगा नाचायचं विसरून नुसता तिच्या पायांकडे बघत राहिला. परीक्षकबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "छान नाचतेस," त्या म्हणाल्या, "पण एवढा वेळ नाचलीस ती तूच. या मुलाला काय आलं?"

गोष्ट १९९६ सालची, आयर्लंडच्या केरी परगण्यातली. माणसं मी रचलेली आहेत, त्यांच्या पायाखालची जमीन मात्र खरी आहे. मुलगी लिस्टोवेल गावची, वय बावीस. चौथ्या वर्षापासून नाचणारी. तिकडे नाचाच्या स्पर्धांना 'फेश' म्हणतात. अशा फेशमधून मिळालेली पदकं तिच्या आईनं डब्यात भरून ठेवली होती. रील, जिग, हॉर्नपाइप, मुलींचा म्हणून ओळखला जाणारा नऊ मात्रांचा स्लिप जिग, सगळं तिच्या पायांत होतं. दोन वर्षांपूर्वी, ३० एप्रिल १९९४ ला, डब्लिनमध्ये युरोव्हिजन या गायनस्पर्धेची गाणी संपल्यावर मतं मोजली जाईपर्यंतच्या वेळात 'रिव्हरडान्स' नावाचा सात मिनिटांचा नाच झाला होता आणि त्यानं आयरिश नाच जगभर पोचवला होता. गावोगाव मुलं नाच शिकायला येऊ लागली. शिक्षक हवे होते. या मुलीला वाटलं, आपल्याइतकं योग्य कोण?

पण तिकडे नाचता येतं एवढ्यावर शिक्षक होता येत नाही. आयरिश नृत्य आयोगाची टी.सी.आर.जी. नावाची परीक्षा द्यावी लागते. स्वतः नाचायचं, संगीताचा लेखी पेपर द्यायचा, सामूहिक नाचांच्या रचना पाठ हव्यात. आणि शेवटी परीक्षकांसमोर प्रत्यक्ष शिकवून दाखवायचं. बाकी सगळ्यात ती पास झाली. या शेवटच्या भागात नापास.

तिचं काय चुकलं हे तिला कळेना, आणि मला त्यात नवल वाटत नाही. तिला नाच इतक्या लहानपणी आणि इतक्या सहज आला होता की तो शिकल्याचं तिला आठवतच नव्हतं. ज्या वाटेनं आपण आलो ती वाट झोपेत पार केली असेल, तर दुसऱ्याला ती सांगणार कशी?

आईनं तिला बॅलीबनियनच्या रस्त्यावरच्या एका म्हातारीकडे पाठवलं. म्हातारी पंचाऐंशीची. पाच वर्षांपूर्वी तिची नजर गेली होती आणि गुडघे त्याच्याही आधी. तिच्याकडे कुठलंही प्रमाणपत्र नव्हतं. १९२०च्या दशकात, लहान असताना, ती एका फिरत्या नाचमास्तराकडून स्वयंपाकघरात नाच शिकली होती.

हे फिरते मास्तर आयर्लंडात फार जुने. आर्थर यंग नावाचा इंग्रज १७७६ ते १७७९ या काळात तो देश फिरला. त्यानं लिहून ठेवलंय की गरिबांच्या झोपडीझोपडीतून नाच चालतो, मास्तर एक पाइपवाला किंवा आंधळा फिडलवाला बरोबर घेऊन दारोदार जातात आणि तीन महिन्यांच्या शिकवणीला सहा पेन्स घेतात. मास्तर एका भागात काही आठवडे मुक्काम करी, एखाद्या शेतकऱ्याच्या घरी जेवे-झोपे आणि त्या बदल्यात त्या घरच्या मुलांना फुकट शिकवी. जमीन ओबडधोबड, म्हणून घराचं दार बिजागऱ्यांवरून काढून आडवं टाकायचं आणि त्यावर नाचायचं. उत्तर केरीतला या परंपरेतला शेवटचा मोठा मास्तर जेरी मॉलिनो १९६५ साली वारला. जेरी मुनिक्स या नावानं लोक त्याला ओळखत. त्याच्या शिष्यांबद्दल आणि पावलांबद्दल त्या भागात अजून बोललं जातं.

"आजी, मला शिकवायला शिकवा," मुलगी म्हणाली.

"आधी तू मला शिकव," म्हातारी म्हणाली. तिनं दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले. "हा माझा उजवा पाय, हा डावा. सात आणि तीन-तीन सांग."

हे नाचाच्या बाराखडीतलं पाऊल. बाजूला सरकत सात, मग जागच्या जागी तीन आणि पुन्हा तीन. मुलगी उठून उभी राहिली.

"उठलीस कशाला? मला दिसत नाही, पोरी. बसून सांग."

मुलगी बसली. "उजवा पाय टाका," ती म्हणाली.

"कुठं?"

"बाजूला."

"कुठल्या पायावर उभी राहून?"

मुलगी गप्प झाली. अठरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता आणि तिच्या पायांना तो कधी पडला नव्हता. टेबलाखाली तिनं पाय हलवून बघितला. "डाव्यावर," ती म्हणाली.

"मग तसं सांग. पुढे?"

अर्धा तास गेला. म्हातारीचे तळवे सांगितलं तेवढंच करत होते, सांगायचं राहिलं ते करत नव्हते. सातपर्यंत कसंबसं आलं. तीन-तीनमध्ये दोन्ही तळवे एकमेकांवर आले आणि थांबले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हातारीला ते दिसलं नाही, पण ऐकू आलं असावं.

"मोज," ती म्हणाली. "सात, तीन आणि तीन. किती?"

"तेरा."

"विषम. उजव्यानं सुरू केलंस तर तेरावं कुठल्या पायावर पडतं?"

"उजव्यावर."

"म्हणजे मोकळा कोण राहिला?"

"डावा," मुलगी म्हणाली, आणि तिला परीक्षेतला तो मुलगा एकदम समोर दिसला. आयरिश नाचात प्रत्येक पाऊल आधी उजव्या बाजूनं करायचं आणि मग तसंच्या तसं डाव्या बाजूनं. तो मुलगा दुसऱ्या तीनमधला शेवटचा ठेका गाळत होता. त्यामुळे भार डाव्यावरच राहायचा आणि उचलला जायचा पुन्हा उजवाच. ती त्याला सांगत राहिली होती, "डावा, डावा!" पण ज्या पायावर अख्खं अंग उभं आहे तो पाय कुणी उचलणार कसा? चूक डाव्या पायाची नव्हतीच. ती एक ठेका आधी होऊन गेली होती, आणि त्या ठेक्याला मुलगी स्वतःच्याच पायांकडे बघत होती.

ती हिवाळाभर दर गुरुवारी जात राहिली. पावलं तिला माहीत असलेलीच होती. तरी एकेक सांगायला दोन-दोन गुरुवार लागले. शिकवणं म्हणजे हेच काम आहे असं मला वाटतं, आणि ते नाचण्याहून अवघड आहे, कारण त्यात टाळ्या नाहीत.

एका गुरुवारी म्हातारीनं सुगान आणि गॅडची गोष्ट सांगितली. सुगान म्हणजे पेंढ्याची वळलेली दोरी. गॅड म्हणजे विलोच्या, आपल्या वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या, ओल्या काडीचा पीळ. जुन्या मास्तरांकडे अशी शेतमजुरांची पोरं यायची ज्यांना डावं-उजवं कळत नसे. मास्तर त्यांच्या एका पायाला पेंढा बांधत आणि दुसऱ्याला काडी. मग 'उजवा, डावा' ऐवजी 'पेंढा, काडी' असा ताल धरत. पोरांना डावं-उजवं ठाऊक नसलं तरी पेंढा आणि काडी रोजच्या हातातली होती.

"म्हणजे मास्तर त्यांना हसत नसत?" मुलीनं विचारलं.

"हसायला कशाला? पोर येत नव्हतं तिथवर, म्हणून मास्तर गेला," म्हातारी म्हणाली. "माझी आजी सांगायची, चांगला मास्तर घरात आला की आधी पोरांच्या बुटांकडे बघायचा. कोणाचा कुठून झिजलाय यावरून कोण कुठल्या पायावर रेलतो ते त्याला कळायचं."

शिक्षिका होईपर्यंत स्वतःचा वर्ग काढता येत नव्हता, म्हणून मुलगी आपल्या जुन्या बाईंच्या वर्गात मदतनीस झाली. तिथं सात वर्षांचा एक मुलगा होता. सगळे त्याला मागच्या रांगेत ठेवत, कारण पुढं ठेवला की तो शेजारच्यांवर आदळायचा. तिनं त्याच्या उजव्या बुटाला पेंढ्याची दोरी बांधली, डाव्याला विलोची काडी. पोरं हसली. पुढच्या आठवड्यात सगळ्यांनाच दोऱ्या हव्या झाल्या. मुलाला पाऊल आलं, पण लगेच नाही, नोव्हेंबरात सुरू केलेलं ते फेब्रुवारीत आलं. ज्या दिवशी तेराव्या ठेक्यानंतर त्याची काडी आपणहून उचलली गेली, त्या दिवशी तो स्वतःच दचकून थांबला. तिनं त्याला पुढे नाचायला सांगितलं नाही. "आत्ता कुठल्या पायावर उभा आहेस?" एवढंच विचारलं. त्यानं खाली बघून उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या खेपेला परीक्षेत तिच्यासमोर एक बुजरी मुलगी उभी केली. आपली मुलगी गुडघ्यांवर बसली, त्या बुजरीच्या बुटांच्या उंचीवर. अख्ख्या वेळात तिनं स्वतः एकदाही पाऊल करून दाखवलं नाही. परीक्षकबाई त्याच होत्या. त्यांनी मागच्या वेळेसारखं पेन खाली ठेवलं नाही, लिहीत राहिल्या.

म्हातारी त्या उन्हाळ्यात गेली. मुलीला टी.सी.आर.जी.चं पत्र आलं तेव्हा ती होती. पत्र तिला वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं, "आणि तो पेंढावाला पोरगा?" तो पोरगा कुठल्याच फेशला पहिला आला नाही. दुसरा एकदा आला. पंधराव्या वर्षापर्यंत तो नाचत होता.

त्या मुलीचा वर्ग लिस्टोवेलला आजही भरतो. दाराशी खिळ्याला पेंढ्याची दोरी आणि विलोची काडी टांगलेली असते. ज्याला हवी तो विचारल्याशिवाय घेऊ शकतो. काडी वाळून मोडते आणि पेंढा नाचात कुस्करतो, त्यामुळे दर सप्टेंबरात दोन्ही नव्यानं वळावी लागतात.