पैशाचे सोंग

तापलेल्या तेलातून साचा बाहेर आला की कारागिराच्या हाती थोडाच अवधी असतो. व्हिनाइल फार ऊन असेल तर ओढताना फाटते. गार पडले तर ताठ होते आणि साच्याच्या तोंडातून निघत नाही. मधल्या त्या अवस्थेत तो लांब पक्कड आत घालतो, मनगटाला एक पीळ देतो आणि अरुंद भोकातून त्याच्या दुप्पट रुंदीचे धड ओढून काढतो. बाहेर आल्यावर ते धड क्षणभर चुरगळलेले दिसते, मग आपले रूप आठवावे तसे हळूहळू फुगते आणि पाण्याच्या घमेल्यात पडते.

टोकियोच्या कात्सुशिका विभागात अशा लहान खेळणी-कारखान्यांची जुनी परंपरा आहे. जपानी भाषेचा दुभाषी म्हणून मी २०२३ मध्ये चाकणच्या एका प्लास्टिक उद्योजकाबरोबर त्यांपैकी एका कारखान्यात गेलो होतो. एका करंडीत गॉडझिलाच्या शेपट्या होत्या, शेजारच्या करंडीत अल्ट्रामॅनची चंदेरी मस्तके. सत्तरीच्या मालकांनी एक तयार पाऊल उलटे करून दाखविले. तळव्यावर मुंगीच्या पावलांएवढ्या उठावदार अक्षरांत हक्कधारक संस्थेचे नाव होते. "पावलाखालची ओळ आधी पाहतो, चेहरा मग," ते म्हणाले. चेहऱ्यावरचा रंग किंचित हुकला तर गिऱ्हाईक कुरकुरते. तळव्याची ओळ चुकली तर सगळा माल बाद होतो. उद्योजकांनी विचारले, "हे दोघे एकाच मालकाचे का?" मी प्रश्न पोहोचविला. मालक हसले. "मालक वेगळे. जन्म मात्र एकाच घरातला."

दुभाष्याने दुसऱ्याचे वाक्य पोहोचवून मोकळे व्हावे, असा आमचा धर्म आहे. हे वाक्य मात्र माझ्याकडेच राहिले.

ते घर एइजी त्सुबुराया यांचे. १९०१ साली फुकुशिमा प्रांतातील सुकागावा येथे जन्मलेल्या या गृहस्थांनी १९५४ च्या 'गॉडझिला'तील सारी चमत्कृतिदृश्ये तोहो या चित्रसंस्थेसाठी घडविली. १९६३ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, पण तोहोचे काम सोडले नाही. सकाळी एका अंगणात आणि संध्याकाळी दुसऱ्या अंगणात वावरणाऱ्या माणसाच्या हातून जे घडते, तेच घडले. १९६६ मध्ये दूरचित्रवाणीवर 'अल्ट्रामॅन' सुरू झाले तेव्हा दर आठवड्याला नवा राक्षस हवा होता आणि रबरी अंगरखे महाग होते. तेव्हा तोहोच्या घरचा गॉडझिलाचा अंगरखा उसना आला. मानेभोवती पिवळसर झालर बसवून त्याचे नाव जिरास ठेवण्यात आले आणि मालिकेच्या दहाव्या भागात तो अल्ट्रामॅनशी झुंजला. झुंजीत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि बैलाला हुलकावणी द्यावी तशी नाचवितो. शेवटी प्रतिस्पर्धी कोसळल्यावर तीच झालर तो त्याच्या देहावर पांघरतो.

शेजारणीकडून आणलेली वाटी रिकामी परत करू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. उसन्या राक्षसाला एक नाव, एक मरण आणि एक शेला देऊन परत पाठविणारी ही उसनवारी मला त्याच कुळातली वाटते.

कारखान्याच्या मालकांचे ते वाक्य मात्र या दोघांपुरतेच खरे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तोहो, त्सुबुराया प्रॉडक्शन्स, तोएई आणि खारा या चार संस्थांनी 'शिन जपान हीरोज युनिव्हर्स' या नावाने एकत्र येण्याची घोषणा केली. त्यांतील तोएईचा 'कामेन रायडर', म्हणजे नाकतोड्याच्या मुखवट्याचा मोटारसायकलस्वार, १९७१ मध्ये शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतून आला. खाराचे 'इव्हॅन्गेलियन' तर १९९५ ची चित्रमालिका. ही दोन्ही घरे निराळ्या गोत्रांची. चौघांना बांधणारा धागा हिदेआकी आन्नो या एका व्यक्तीचा आहे. या चारही पात्रांचे 'शिन' हे उपपद लावलेले नवे चित्रपट २०१६ ते २०२३ या काळात त्यांच्याच लेखणीतून उतरले. विद्यार्थिदशेत मित्रांबरोबर केलेल्या आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या एका हौशी चित्रपटात आन्नो स्वतः अल्ट्रामॅन झाले होते, तेही मुखवट्यावाचून, आपल्या उघड्या चेहऱ्याने. हौसेने घेतलेले सोंग पुढे हक्काने लिहावयास मिळणे, हे भाग्य थोड्यांच्या वाट्याला येते.

घोषणा ऐकून पुष्कळांना वाटले की आता चौघांचा एक चित्रपट निघणार. प्रत्यक्षात तो उपक्रम वस्तूंचा आणि समारंभांचा होता. अकिहाबारातील एका दुकानात मी त्याचे फळ पाहिले: चार पात्रांची यंत्ररूपे, जी एकमेकांत अडकविली की एकच यंत्रमानव उभा राहतो. बराच वेळ मी त्या काचेसमोर उभा होतो. कथा नाही, प्रसंग नाही, संघर्ष नाही. केवळ खिळ्यांनी आणि करारांनी जुळलेले अवयव. मला ते दृश्य दरिद्री वाटले, आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली.

लाज वाटण्याचे कारण माझ्या लहानपणात आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबो' लागत असे. ती मालिका तोएईचीच, १९६७ ची. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात एकच दूरचित्रवाणी संच होता. त्यासमोर आम्ही दहा-बारा मुले बसत असू. मालिकेतला मुलगा मनगटावरच्या घड्याळात बोलून त्या प्रचंड यंत्रमानवाला आज्ञा देई. आमच्यापैकी कोणाजवळ घड्याळ नव्हते. आम्ही बॉलपेनने मनगटावर घड्याळ काढायचो आणि आंघोळीच्या वेळी तेवढा भाग पाण्याबाहेर धरायचो. अखेरच्या भागात तो यंत्रमानव शत्रूला कवटाळून आकाशात जातो आणि स्वतःचा नाश करून घेतो, त्या दिवशी वाड्यात कोणी जेवले नाही असे आई सांगते. (मला आठवते ते एवढेच की मी जेवलो होतो.) आमची निष्ठा निखळ होती, हे खरे. पण त्या निष्ठेतून ती आकृती घडविणाऱ्या माणसाच्या हाती एक छदामही पोहोचला नाही, हेही तितकेच खरे. मालिका सव्वीस भागांची होती. सत्ताविसावा भाग बॉलपेनच्या घड्याळांवर निघत नसतो.

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. ही म्हण आपण एरवी घरखर्चाच्या संदर्भात वापरतो. सोंगांचाच धंदा असलेल्या या क्षेत्राला ती अक्षरशः लागू पडते. 'अल्ट्रामॅन' लोकप्रियतेच्या शिखरावर असताना एकोणचाळीस भागांवर थांबले, कारण चित्रीकरण प्रक्षेपणाच्या वेगाला पुरे पडेना. त्सुबुराया यांनी एक अत्यंत महाग दृश्यमुद्रण यंत्र अमेरिकेतून मागविले आणि ते सोडवून घेण्याची ऐपत नसल्याने अखेर टीबीएस वाहिनीने ते विकत घेतले. खेळण्यांच्या धंद्यालाही हे चढउतार चुकले नाहीत. बुलमार्क ही रबरी राक्षस विकणारी एके काळची अग्रगण्य कंपनी १९७७ मध्ये बुडाली. याउलट १९७१ मध्ये 'कामेन रायडर'चा पट्टा आला तेव्हा मुले दुकानांवर तुटून पडली. खाऊच्या पुडक्यातील त्याची चित्रपत्रे मिळविण्यासाठी तर मुले चित्र ठेवून खाऊ फेकून देत, आणि त्यावर वडीलधाऱ्यांनी संताप व्यक्त केला. संताप योग्यच होता. परंतु पुढच्या मालिका ज्या पैशावर उभ्या राहिल्या, त्यात त्या फेकलेल्या खाऊचाही वाटा होता, हे अप्रिय सत्य विचारी माणसाला डावलता येणार नाही. कलेची शुद्धता राखण्याचा आग्रह पुष्कळदा दुसऱ्याच्या खर्चाने धरलेला असतो.

त्यामुळे चार संस्थांनी एका पेटीत आपापली पात्रे ठेवली, याला मी अधःपतन म्हणत नाही. १९६६ च्या उसनवारीला कागद लागला असेल वा नसेल, तिच्यामागे एका माणसाचा दोन्ही घरांतला वावर होता. तो माणूस १९७० मध्ये गेला. त्याच्या कुटुंबाच्या हातून ती संस्थाही २००७ मध्ये गेली. माणसे गेल्यावर दोन घरांमध्ये जे उरते, त्याला करार म्हणतात. तो रुक्ष असतो, पण दार उघडे ठेवतो.

माझा आक्षेप निराळ्या दोन गोष्टींना आहे.

पहिली गोष्ट तळव्यावरच्या ओळीची. त्या ओळीत मालकाचे नाव असते. सोंग ज्याने अंगावर वागविले त्याचे नसते. हारुओ नाकाजिमा यांनी १९५४ ते १९७२ या काळात बारा चित्रपटांत गॉडझिलाच्या आत शिरून काम केले. पहिला अंगरखा सुमारे शंभर किलोचा होता. त्यात चार पावले टाकणेही कठीण. उसन्या अंगरख्याच्या जिरासच्या आतही नाकाजिमाच होते. दोन संस्थांचे सहकार्य घडले ते अशा रीतीने एका माणसाच्या घामात घडले. पुढे त्यांची स्टुडिओतली भूमिका संपली तेव्हा त्यांना स्टुडिओच्या आवारातील बोलिंगच्या खेळघरात काम देण्यात आले. आपल्या दशावतारात रात्री राजा झालेला नट सकाळी स्वतःचा पेटारा स्वतः उचलतो, हे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण नवल वाटेनासे होणे हीच चिंतेची बाब आहे. सुकागावा येथे ३ नोव्हेंबर २०२० रोजी चमत्कृतिदृश्यांच्या कलेच्या अवशेषांचे एक जतनकेंद्र उघडले, त्यासाठी आन्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षे खपून काम केले. मी तेथे गेलो आहे. मांडण्यांवर छोट्या इमारती, विमाने, मोटारी ओळीने ठेवल्या आहेत आणि कोणत्या संस्थेची वस्तू कोणती हे लांबून ओळखू येत नाही. रबर कुजते, भेगाळते, हात लावताच त्याचा भुगा होतो. त्याला हक्कधारक कळत नाही. चार संस्थांच्या नफ्यातला काही अंश अशा जतनाकडे जात राहील, तर पेटीतल्या त्या यंत्रमानवाविषयी माझे मत पुष्कळ मऊ होईल.

दुसरी गोष्ट नावाची. 'हीरोज' या शब्दाखाली गॉडझिलाला उभे केले आहे, आणि हे मला मान्य होत नाही. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी येथे अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. दाइगो फुकुर्यू मारू या मासेमारी नौकेवरील तेवीस जणांवर पांढरी राख पडली. नौकेचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावले. त्यानंतर एक्केचाळीस दिवसांनी 'गॉडझिला' पडद्यावर आला आणि त्याच्या पहिल्याच दृश्यांत एक नौका प्रकाशाच्या लोळात नष्ट होते. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे कशाविषयी आहे ते कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अल्ट्रामॅन रक्षण करतो, कामेन रायडर झुंजतो. गॉडझिला मात्र भोगलेले परत आणून समोर ठेवतो. त्याची मूर्ती विकावी, दुसऱ्याच्या शेजारी ठेवून विकावी, त्यास हरकत नाही. त्याला वीर म्हणू नये.

चाकणचे उद्योजक परतताना बारा नग घेऊन आले, त्यांतला एक त्यांनी मला दिला. तो माझ्या लिहिण्याच्या मेजावर आहे आणि तळव्याची ओळ वाचायला आता मला भिंग लागते. दाइगो फुकुर्यू मारू ही नौका टोकियोतच, युमेनोशिमा उद्यानातील प्रदर्शनगृहात जतन केलेली आहे. तेथे प्रवेशशुल्क नाही.