वाडवडिलांचा वारसा आणि देवाची कृपा

शास्त्रपाठ : यिर्मया ३५



ज्या घरात आजोबा दारूपायी गेले आणि वडीलही त्याच वाटेने गेले, त्या घरातील मुलगा एक प्रश्न मनातच बाळगून असतो : हे माझ्याही रक्तात आहे काय?

त्याला खोटा धीर देऊ नये. व्यसनाची प्रवृत्ती काही अंशी वारशाने येते. डॉ. डोनाल्ड गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तक मुलांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध केला. मद्यासक्त जन्मदात्यांचे मुलगे तान्हेपणीच दुसऱ्या घरी गेले असूनही त्यांच्यात मद्यासक्ती इतरांच्या जवळजवळ चौपट आढळली. पुढील संशोधनातून असेही दिसले की, ज्यांना दारू सहजासहजी चढत नाही त्यांना तिचा धोका अधिक असतो. लग्नाच्या मांडवात "मला काही होत नाही" असे अभिमानाने सांगणारा तरुण ज्याला आपले बळ समजतो, तेच कदाचित त्याचे दुबळे स्थान असते.

मग हा दोष कोणाचा? बापांनी आंबट द्राक्षे खावीत आणि दात मुलांचे आंबावेत, अशी तक्रार यहेज्केलाच्या काळी लोक करीत. देवाने ती म्हणच बंद करविली. पित्याच्या पापाचा हिशेब तो पुत्राकडे मागत नाही. प्रवृत्ती वारशाने येते. अपराध वारशाने येत नाही. तेव्हा तिची लाज बाळगू नका.

मात्र तिला नाकारूही नका. आईचा चेहरा, वडिलांचा आवाज आपण आपला म्हणून स्वीकारतो. तशीच हीही आपली म्हणून स्वीकारावी. "मी तसा नाही" असे म्हणणारा पहिला प्याला निर्धास्तपणे उचलतो. "प्रभो, मी असा आहे" असे कबूल करणारा तो दूर सारतो. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, पण त्यासोबत जगण्यास पुरेल इतकी कृपा त्याला मिळाली.

आता रेखाब्यांकडे पाहा. यिर्मयाने मंदिराच्या कोठडीत त्यांच्यापुढे द्राक्षारसाचे प्याले ठेवले. त्यांनी ते घेतले नाहीत. कारण त्यांचा पूर्वज योनादाब याने कित्येक पिढ्यांपूर्वी तशी आज्ञा दिली होती. एका माणसाचा निश्चय साऱ्या घराण्याचा वारसा झाला, आणि देवाने त्या घराण्याला आशीर्वाद दिला.

आपणही आपल्या घराण्याचे योनादाब होऊ शकता. जे आधीच व्यसनात अडकले आहेत, त्यांनी पाळकांपाशी, वैद्यांपाशी, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभेत मन मोकळे करावे. आणि मंडळीतील जनहो, समारंभात कोणी प्याला नाकारला, तर आग्रह करू नका, कारणही विचारू नका. त्या एका नकारामागे कदाचित तीन पिढ्यांचे अश्रू असतील.

ज्याने आपल्याला आईच्या उदरी घडविले, त्याला आपली दुर्बलता ठाऊक आहे. ती घेऊनच त्याच्या चरणी या. आमेन.